पाटी आपली, गाळा भाड्याचा

समजा, बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील नीलाद्री नगरात एक मराठी कुटुंब राहत आहे. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, दोन मुले शाळेत आणि गृहिणीच्या हाताला अशी चव, की तिच्या चकल्या आणि अनारसे आधी शेजारच्या इमारतींत, मग होसूर रोडवरच्या कचेऱ्यांत आणि शेवटी पार व्हाइटफील्डपर्यंत जाऊ लागले. ऑर्डरी वहीत मावेनाशा झाल्या तेव्हा घरात ठरले, की आता आपली स्वतःची वेबसाइट हवी. धाकटा दीर संगणकक्षेत्रातलाच. ‘‘वहिनी, त्यात काय एवढं? दहा मिनिटांचं काम. तुम्ही फक्त नाव सांगा,’’ असे म्हणून त्याने बसल्या बैठकीत नाव नोंदवले, इंटरनेटवर जागा भाड्याने घेतली आणि पैसेही स्वतःच्या कार्डावरून भरून टाकले. ‘‘भावजी, पैसे किती झाले ते तरी सांगा,’’ असे वहिनींनी विचारले, तर त्याने हसून चकल्यांची बशी पुढे ओढली.

दोन वर्षे सारे सुरळीत चालले. तिसऱ्या वर्षी ऐन वसुबारसेच्या दिवशी वेबसाइट उघडेनाशी झाली.

कोणी चोरी केली नव्हती, की संगणकात विषाणू शिरला नव्हता. मधल्या काळात दिराने नोकरी बदलली होती. नाव नोंदवताना त्याने कचेरीचा ई-मेल पत्ता दिला होता आणि तो नोकरीबरोबरच बंद झाला होता. जुन्या कार्डाची मुदत संपली होती, त्यामुळे दरवर्षी आपोआप जाणारे पैसे गेले नव्हते. मुदत संपत आल्याची पत्रे एका बंद पेटीत पडत होती. सगळ्यात मोठी अडचण अशी, की कागदोपत्री त्या नावाचा मालक दीर होता. जिच्या हाताच्या चवीवर हे सारे उभे राहिले, तिचे नाव नोंदणीत कुठेच नव्हते.

ही गोष्ट कल्पनेतली आहे, पण तिच्यातला एकही दुवा अशक्य नाही. गृहउद्योग, लहान दुकान, क्लास, दवाखाना किंवा एखादे महाराष्ट्र मंडळ, यांची वेबसाइट बहुतेक वेळा अशीच सुरू होते. घरातला किंवा ओळखीतला कोणी जाणकार पुढे येतो, प्रेमाने सगळे करून देतो आणि करताना नकळत सगळे स्वतःच्या नावावर करून ठेवतो.

दिव्याखाली अंधार

इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या ठिकाणी असे घडावे याचे नवल वाटेल. कर्नाटक सरकारच्या किओनिक्स या महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या जमिनीवर सुमारे ३३२ एकरांत ही वसाहत वसवली. महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख आर. के. बलिगा यांनी या माळरानावर ‘भारताची सिलिकॉन व्हॅली’ उभी राहील असे म्हटले, तेव्हा ते अनेकांना स्वप्नरंजन वाटले होते. पुढे १९९१ साली स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या सरकारी संस्थेचे बेंगळुरू केंद्र इथे आले आणि त्याने सॉफ्टवेअर कंपन्यांना उपग्रहामार्फत परदेशाशी जोडून दिले. पुण्यात १९८१ साली जन्मलेल्या इन्फोसिसनेही १९९४ साली आपले मुख्यालय इथेच थाटले. ऑगस्ट २०२५ पासून तर मेट्रोची पिवळी मार्गिका या वसाहतीतून धावू लागली आहे.

आज इथे दर दुसऱ्या घरात एक संगणक अभियंता सापडेल. पण अमेरिकेतल्या बँकेचे व्यवहार सांभाळणारा अभियंता वहिनींच्या वेबसाइटची नोंदणी मात्र घाईघाईत करतो. काम लहान असते, घरचे असते आणि ‘करून टाकण्याचे’ असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. म्हणून जाणकार हाताशी असला तरी मालकाने स्वतः चार गोष्टी समजून घ्याव्यात. त्यासाठी अभियंता होण्याची गरज नाही. दुकानाचा गाळा घेताना जेवढी चौकशी करतो, तेवढी पुरते.

दोन व्यवहार, दोन पावत्या

पहिली गोष्ट म्हणजे, वेबसाइट काढताना दोन वेगवेगळे व्यवहार होतात. एक नावाचा, दुसरा जागेचा. नावाला डोमेन म्हणतात आणि जागेला होस्टिंग. डोमेन ही दुकानाची पाटी, तर होस्टिंग हा दुकानाचा गाळा.

इंटरनेटवरचा प्रत्येक संगणक खरे तर आकड्यांनी ओळखला जातो. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने नावे आणि आकडे यांची जोडी लावणारी एक पद्धत तयार केली. जुन्या काळी टेलिफोन डिरेक्टरीत नावापुढे नंबर मिळायचा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की ही डिरेक्टरी एका जाड पुस्तकात नसून जगभरच्या हजारो संगणकांवर वाटून ठेवलेली असते आणि तिचा नंबर मालकाला हवा तेव्हा बदलता येतो.

ही बदलण्याची सोय फार महत्त्वाची. गाळा पटला नाही, भाडे वाढले, मालक कटकट्या निघाला, तर सामान दुसऱ्या गाळ्यात हलवावे आणि डिरेक्टरीतला नंबर बदलावा. बदल सगळीकडे पोहोचायला काही तास, फार तर एक-दोन दिवस लागतात. ग्राहकाला पत्ताही लागत नाही. तो त्याच पाटीखाली येतो. पण पाटीच हातची गेली तर? मग नवे नाव, नवे व्हिजिटिंग कार्ड, डब्यांवरची नवी लेबले आणि जुन्या ग्राहकांना एकेकाला फोन. म्हणून गाळा निवडताना झालेली चूक भरून काढता येते. पाटीच्या बाबतीत झालेली चूक भरून काढणे महाग पडते, कधी अशक्यच होते.

या एका कारणासाठी दोन्ही व्यवहार शक्यतो वेगळे ठेवावेत. ‘होस्टिंग घ्या, नाव फुकट’ अशी जाहिरात सगळीकडे दिसते. त्यात वाईट काही नाही, पण अटी वाचाव्यात. जागा सोडताना नाव बरोबर नेता येते का, त्याचे वेगळे पैसे लागतात का आणि फुकट म्हणजे फक्त पहिले वर्ष का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

सात-बारा कोणाच्या नावावर?

जमीन घेताना आपण सात-बारा उतारा पाहतो. डोमेनचाही असा उतारा असतो. जगभरच्या नावांच्या व्यवस्थेवर १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेली आयकॅन ही संस्था देखरेख करते. तिने मान्यता दिलेल्या कंपन्यांना रजिस्ट्रार म्हणतात आणि त्यांच्यामार्फत आपण नाव नोंदवतो. भारतातल्या कंपन्याही या धंद्यात पूर्वीपासून आहेत. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ साली वडिलांकडून २५ हजार रुपये उसने घेऊन सुरू केलेली डायरेक्टी ही कंपनी पुढे जगातल्या मोठ्या रजिस्ट्रारांत गणली गेली. भारताच्या ‘डॉट इन’ नावांचे काम पूर्वी मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होते. २००५ पासून ते निक्सी या विनानफा संस्थेकडे आहे. त्याआधीचे नियम इतके कडक होते, की १९९२ ते २००४ या काळात सारी मिळून ७ हजारांच्या घरातच नावे नोंदली गेली. नियम सैल झाल्यावर ही संख्या लाखांवर गेली.

रजिस्ट्रारच्या खाली एजंट असतात. वेबसाइट बनवून देणारे अनेक जण असे एजंट असतात. त्यांच्याकडून काम करून घ्यायला हरकत नाही, पण त्यांच्या मागचा रजिस्ट्रार कोणता, हे विचारून लिहून ठेवावे. उद्या एजंटाने धंदा गुंडाळला, तर दार ठोठवायला तेच घर असते.

नोंदणी करताना चार गोष्टी पाहाव्यात. मालक म्हणून स्वतःचे किंवा स्वतःच्या फर्मचे नाव, खरा पत्ता आणि आपल्या हातातला फोन नंबर द्यावा. रजिस्ट्रारकडचे खाते स्वतःचे असावे आणि त्याचा पासवर्ड मालकाजवळ असावा. दिराने, भाच्याने किंवा डिझायनरने काम करून दिले तरी ते आपल्या खात्यातून करून द्यावे. तिसरी गोष्ट म्हणजे ई-मेल पत्ता. तो कचेरीचा नसावा आणि जे नाव नोंदवतो आहोत त्याच नावावरचाही नसावा. नाव बंद पडले की त्याच्यावरचा ई-मेलही बंद पडतो, म्हणजे किल्ली कुलपाच्या आतच राहते. चौथी गोष्ट, नोंदणीनंतर ‘हा पत्ता तुमचाच आहे का’ असे विचारणारे एक पत्र येते. ते जाहिरात समजून पुसून टाकू नये. ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी १५ दिवसांत त्याला होकार दिला नाही, तर नाव तात्पुरते बंद केले जाते. नवी कोरी वेबसाइट दोन आठवड्यांनी अचानक गायब होते तेव्हा पुष्कळदा हेच कारण असते.

यात कोणाबद्दल अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. घर बांधणारा कंत्राटदार कितीही सज्जन असला, तरी घराचे कागद त्याच्या नावावर कोणी करत नाही.

नाव असावे आपले

नाव सुचणे सोपे, पण ते दुसऱ्या कोणाचे नसणे महत्त्वाचे. याबाबतचा देशातला सर्वात गाजलेला खटला बेंगळुरूच्याच दिवाणी न्यायालयात सुरू झाला होता. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातील अक्षरे घेऊन ‘सिफी’ हा शब्द तयार केला आणि १९९९ साली ‘सिफीनेट डॉट कॉम’सारखी काही नावे नोंदवली. २००१ आणि २००२ साली दुसऱ्या एका कंपनीने, इंग्रजीत एक ‘एफ’ जास्त घालून, जवळजवळ तशीच दिसणारी दोन नावे नोंदवली. हा शब्द आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून आला, असे तिचे म्हणणे होते. बेंगळुरूच्या न्यायालयाने ती नावे वापरायला मनाई केली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती मनाई उठवली आणि शेवटी ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. डोमेन हा नुसता पत्ता नसून ती व्यवसायाची ओळखही आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा कायदा डोमेनलाही लागू होतो, असे न्यायालयाने सांगितले. त्याआधी १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’ या नावाशी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे नाव वापरणाऱ्यांनाही असेच रोखले होते.

घरगुती व्यावसायिकाने यातून दोन धडे घ्यावेत. एक, एखाद्या प्रसिद्ध नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून आपले नाव बनवू नये. नाव मिळाले म्हणजे हक्क मिळाला असे नाही; नोंदणीच्या वेळी रजिस्ट्रार फक्त नाव मोकळे आहे का एवढेच पाहतो. दुसरा, आपले नाव ठरण्यापूर्वी सरकारच्या ट्रेड मार्क नोंदणीच्या वेबसाइटवर ते शोधून पाहावे. हा शोध विनामूल्य आहे. धंदा वाढेल असे वाटत असेल, तर स्वतःच्या नावाचा ट्रेड मार्कही नोंदवावा. उद्या भांडण झालेच, तर तो कागद उपयोगी पडतो.

नाव लहान असावे, फोनवर एकदा सांगितले की समोरच्याला लिहिता यावे. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना इथे हमखास फसगत होते. ‘चविष्ट’ हा शब्द दहा जणांना लिहायला सांगितला, तर चार-पाच तऱ्हेची स्पेलिंग मिळतील. म्हणून नाव नक्की करण्याआधी घरातल्या आणि शेजारच्या पाच-सहा जणांना ते तोंडी सांगावे आणि लिहून दाखवायला सांगावे. निम्म्यांचे चुकले, तर नाव बदलावे किंवा चुकणारे रूपही नोंदवून ठेवावे.

शेपूट कोणते लावावे? ‘डॉट कॉम’ सर्वांच्या तोंडी असते. ग्राहक भारतातलेच असतील, तर ‘डॉट इन’ही तितकेच चांगले. जमल्यास दोन्ही घ्यावीत. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीतले ‘डॉट भारत’ही मिळते आणि त्यात मराठीचा पहिल्यापासून समावेश आहे. आपल्या लिपीतली पाटी पाहून बरे वाटते. मात्र देवनागरी ई-मेल पत्ता अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही, म्हणून तो जोडीला ठेवावा, एकटा नको. अनोळखी, अगदी स्वस्त शेपटांपासून जरा जपूनच राहावे. काही छोट्या देशांच्या शेपटांची नावे फुकट वाटणाऱ्या फ्रीनॉम या कंपनीने २०२३ साली नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ साली हा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले.

ऐन सणाच्या दिवशी

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते १ ते १० वर्षांच्या मुदतीने मिळते आणि मुदत संपण्याआधी पैसे भरावे लागतात. ही तारीख विसरण्याचा मान फक्त वहिनींच्या दिराकडे जात नाही. ‘हॉटमेल’ ही ई-मेल सेवा ज्या दोघांनी १९९६ साली काढली, त्यांतले सबीर भाटिया पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये आणि नंतर बंगलोरमध्ये शिकलेले. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. डिसेंबर १९९९ मध्ये, ऐन नाताळात, अनेकांना आपली हॉटमेलची पेटी उघडता येईना. आत शिरण्यासाठी वापरले जाणारे ‘पासपोर्ट डॉट कॉम’ हे नाव चालू ठेवण्याचे ३५ डॉलर भरायचे राहून गेले होते. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ते ३५ डॉलर भरले आणि दार उघडले. जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीची ही गत, तर वही-पेन्सिलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी किती जपावे!

सुदैवाने मुदत संपली की त्याच दिवशी नाव हातचे जात नाही. ‘डॉट कॉम’च्या बाबतीत मुदत संपल्यावर बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस, फार तर दीड महिना, नेहमीच्या दरात पैसे स्वीकारतात, पण हे त्यांच्या मर्जीवर असते. त्यानंतर नाव रद्द झाले, तरी ३० दिवस जुन्या मालकाला दंड भरून ते सोडवता येते आणि हा दंड चांगलाच भारी असतो. तेही टळले, की नाव सर्वांसाठी मोकळे होते. मग चांगली चालणारी नावे टिपायला टपून बसलेल्यांचे फावते. रजिस्ट्रारने मुदतीपूर्वी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा किमान दोन सूचना पाठवायच्या असतात. पण सूचना पोहोचण्यासाठी पत्ता जिवंत हवा.

उपाय साधा आहे. एकदम तीन किंवा पाच वर्षांचे पैसे भरावेत, आपोआप पैसे जाण्याची सोय चालू ठेवावी आणि तरीही घरच्या कॅलेंडरवर, जिथे गॅस आणि दूधवाल्याच्या नोंदी असतात तिथेच, ही तारीख लाल शाईने लिहावी. आणखी एक. नाव नोंदवल्यावर कधी कधी ‘ताबडतोब पैसे भरा, नाहीतर नाव जाईल’ किंवा ‘दुसरे कोणी तुमचे नाव घेत आहे’ अशी अनोळखी पत्रे येतात. पैसे फक्त आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन भरावेत, पत्रातल्या दुव्यावर नव्हे.

चाळ, ब्लॉक की बंगला?

आता गाळ्याकडे वळू. होस्टिंग म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या कोणाच्या तरी संगणकावर आपली पाने ठेवण्याची जागा. ‘शेअर्ड’ म्हणजे चाळ. एका संगणकावर शेकडो बिऱ्हाडे, भाडे कमी, पण शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपल्या नळाचे पाणी कमी. ‘व्हीपीएस’ म्हणजे ब्लॉक. इमारत एकच, पण पाणी-वीज प्रत्येकाची वेगळी. ‘डेडिकेटेड’ म्हणजे स्वतंत्र बंगला. ‘क्लाउड’ म्हणजे गरजेप्रमाणे खोल्या वाढवून देणारे लॉज. बिलही गरजेप्रमाणे वाढते. फराळाची यादी, छायाचित्रे आणि ऑर्डरीचा एक फॉर्म, एवढ्यासाठी चांगल्या कंपनीची चाळ पुरते. दिवाळीच्या महिन्यात गर्दी वाढली तर ब्लॉकमध्ये जाता येईल का, एवढे मात्र विचारून ठेवावे.

जाहिरातीतले भाडे पाहून भुलू नये. ‘महिना अमुक रुपये’ हा दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो आणि पुढच्या खेपेला तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. शिवाय ई-मेल, सुरक्षा, बॅकअप असे एकेक जोडत गेले, की चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते. म्हणून पहिल्या वर्षाचा नव्हे, दुसऱ्या खेपेचा दर विचारावा. ‘अमर्याद जागा’ या शब्दांनाही बारीक अक्षरांत मर्यादा असतेच.

‘९९.९ टक्के वेळ चालू’ हे वचनही मोजून पाहावे. त्याचा अर्थ वर्षात पावणेनऊ तास बंद राहिले तरी वचन मोडत नाही. ९९ टक्के म्हणजे तर साडेतीन दिवसांहून अधिक. जागा कोणत्या गावी आहे, हेही पाहावे. बेंगळुरूहून अमेरिकेतल्या संगणकापर्यंत जाऊन यायला निरोपाला सुमारे पाव सेकंद लागतो. मुंबईचा संगणक असेल तर त्याच्या अगदी थोड्या अंशात काम होते. एका पानासाठी असे अनेक निरोप जातात, म्हणून फरक जाणवतो. ग्राहक भारतात असतील, तर जागाही भारतात घेतलेली बरी.

पत्त्याशेजारचे कुलूप दाखवणारे प्रमाणपत्रही आवश्यक आहे. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ते नसलेल्या वेबसाइटवर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला आणि असा शेरा वाचून कोणी ऑर्डर देत नाही. यासाठी जास्तीचे पैसे मागितले, तर थांबावे. लेट्स एन्क्रिप्ट ही विनानफा सेवा २०१५ च्या अखेरीपासून अशी प्रमाणपत्रे फुकट देते आणि बऱ्याच होस्टिंग कंपन्या ती आपणहून बसवून देतात. शेवटी, खरेदी करण्याआधी कंपनीच्या मदतकेंद्राला रविवारी रात्री एक प्रश्न विचारून पाहावा. उत्तर किती वेळात आणि माणसाकडून येते का, यावरून पुष्कळ कळते.

फुकटची जागा आणि जळालेली वही

मग फुकटच्या जागेचे काय? सुरुवातीला हात बसवायला ती ठीक. पण १९९४ साली सुरू झालेले जिओसिटीज आठवावे. लाखो लोकांनी तिथे फुकट पाने उभी केली. १९९९ साली याहूने ते विकत घेतले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले. ज्यांचा पत्ताच जिओसिटीजचा होता, त्यांची पाटी आणि गाळा एकाच दिवशी गेले. ज्यांनी स्वतःचे नाव घेतले होते, त्यांना फक्त गाळा बदलावा लागला. आज फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या पानावरच सारा धंदा चालवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

पैसे भरून घेतलेली जागाही जळू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीची एक पाच मजली इमारत आगीत खाक झाली. नेटक्राफ्ट या कंपनीच्या मोजणीनुसार ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. काही ग्राहकांनी प्रती ठेवल्या होत्या, पण त्या त्याच आवारात होत्या! म्हणून होस्टिंग कंपनी बॅकअप घेत असली, तरी महिन्यातून एकदा सगळ्या पानांची आणि ग्राहकांच्या यादीची एक प्रत घरच्या संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर ठेवावी. आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

वसुबारसेच्या दुपारी

पुन्हा नीलाद्री नगरात जाऊ. वहिनींचे नाव अजून वाचू शकते, कारण मुदत संपून चारच दिवस झाले आहेत. दिराने रजिस्ट्रारला फोन करून आपण मालक असल्याची ओळख पटवायची, ई-मेल पत्ता बदलून घ्यायचा आणि राहिलेले पैसे भरायचे. ‘डॉट कॉम’चा दर साधारणपणे वर्षाला हजार-दीड हजार रुपये असतो. एका मोठ्या फराळाच्या ऑर्डरीत निघणारी ही रक्कम न भरल्यामुळे सगळा सणाचा धंदा अडकला होता.

पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. त्याच दुपारी वहिनींनी स्वतःच्या नावाचे खाते उघडायचे, नोंदणीतले मालकाचे नाव बदलून घ्यायचे आणि नाव आपल्या खात्यात आणायचे. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे असेल, तर त्यासाठी एक गुप्त संकेतांक मिळतो आणि मालकाने मागितल्यावर तो पाच दिवसांत द्यावाच लागतो. नव्या नोंदणीनंतर मात्र साधारण ६० दिवस असे स्थलांतर होत नाही. होस्टिंगच्या पावत्या, पासवर्ड आणि मुदतीच्या तारखा एका वहीत लिहून ती वही घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवायची.

दिराने यापुढेही मदत करावीच. वेबसाइट सजवावी, अडले-नडले पाहावे आणि मोबदल्यात हवे तेवढे अनारसे खावेत. फक्त पुढच्या वेळी बशी पुढे ओढण्याआधी त्याने पावती वहिनींच्या हातात द्यावी आणि वहिनींनी तिच्यावर कोणाचे नाव आहे ते वाचावे.